लिओटार्ड ते युनिटार्ड : महिला जिम्नॅस्टिक्सच्या पोशाखाचे शतक

महिला जिम्नॅस्टिक्समधला लिओटार्ड हा पोशाख आला सर्कशीतून, आणि तो प्रथम गाजला एका पुरुषाच्या अंगावर. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात वडिलांच्या व्यायामशाळेत तयार झालेला ज्यूल लेओतार १२ नोव्हेंबर १८५९ रोजी पॅरिसच्या सर्क नेपोलियनमध्ये एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेपावत प्रेक्षकांसमोर आला. हवेत झेप घेणाऱ्याचा कपडा दोरीत अडकला तर जिवावर बेतायचे. म्हणून त्याने अंगाला चिकटून बसणारा, विणलेल्या कापडाचा पोशाख वापरला. त्यामागे सुरक्षितता होती तसेच प्रदर्शनही होते, कारण पीळदार शरीर दिसावे ही सर्कशीची गरजच होती. १८७० मध्ये, ऐन तिशीत, लेओतार वारला आणि त्याचे नाव त्या पोशाखाला चिकटले. सुरक्षितता आणि प्रदर्शन ही दोन्ही कारणे पुढे दीड शतक या पोशाखासोबत राहिली. तो घालणाऱ्याच्या मनाचा विचार मात्र फार उशिरा झाला.

एकोणिसाव्या शतकात मुलींच्या व्यायामाची वाट वेगळी होती. जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ हाझेनहाइडे येथे उघडे क्रीडांगण सुरू केले, ते तरुण पुरुषांसाठी. मुलींच्या वाट्याला आली ती लांब झग्यात करायची सौम्य कवायत. इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश शिक्षिकेने १८८५ मध्ये हॅम्पस्टेडला आणि नंतर डार्टफर्डला व्यायामशिक्षिका घडवणारे महाविद्यालय चालवले. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिथूनच एक नवा पोशाख रूढ झाला. बिनबाह्यांचा, समोर रुंद चुण्यांचा, कमरेला पट्टा असलेला आणि गुडघ्यापाशी संपणारा. घोट्यापर्यंतचे झगे आणि कमर आवळणारे कॉर्सेट यांच्या तुलनेत ही मोठीच मोकळीक होती. हाच व्यायामाचा झगा पुढे ब्रिटिश शाळांचा गणवेश झाला आणि कॉन्व्हेंट शाळांबरोबर भारतातही आला. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांतल्या मुलींचा चुण्यांचा ट्युनिक हा त्याच घराण्यातला. मुलींना मोकळेपणाने हातपाय हलवता यावेत म्हणून शिवलेला हा कपडा काही पिढ्यांनी शिस्तीचा आणि मर्यादशीलतेचा नमुना मानला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

महिला जिम्नॅस्टिक्स ऑलिंपिकमध्ये आले ते १९२८ साली, ॲम्स्टरडॅमला. पुरुष १८९६ पासून खेळत होते. महिलांसाठी त्या वर्षी एकच, सांघिक स्पर्धा ठेवण्यात आली. नेदरलँड्सने सुवर्ण, इटलीने रौप्य आणि ब्रिटनने कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी मे महिन्यात रोममध्ये मुलींच्या जिम्नॅस्टिक्स आणि ॲथलेटिक्स स्पर्धा झाल्या, तेव्हा पोप अकरावे पायस यांनी जाहीर पत्र लिहून नापसंती व्यक्त केली होती. मुलींनी सार्वजनिकरीत्या असे खेळणे त्यांना स्त्रीच्या शालीनतेला न शोभणारे वाटले. काही महिन्यांतच त्याच इटलीच्या मुली ऑलिंपिकच्या मैदानात उतरल्या. त्यांतल्या बहुतेक पाविया शहरातल्या होत्या आणि लुइजीना जावोत्ती तर अवघी अकरा वर्षांची होती. त्या दशकाच्या छायाचित्रांत जिम्नॅस्ट मुली सैल सदरा आणि आखूड विजार किंवा आखूड झगा अशा पोशाखात दिसतात. त्यात अंग दाखवण्याचा हेतू कुठे जाणवत नाही, तरीही आक्षेप आलाच. सुवर्णपदक जिंकणाऱ्या डच संघाबद्दल लिहिताना एक गोष्ट वगळता येत नाही. त्या संघातल्या एस्टेला अख्स्टेरिबे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक आणि युडिक्ये सिमोन्स या चार ज्यू खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक खेरिट क्लेरेकोपर १९४३ मध्ये नाझींच्या मृत्युछावण्यांत मारले गेले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून महिलांच्या वैयक्तिक स्पर्धा सुरू झाल्या आणि सोव्हिएत संघाचे युग उगवले. तोवर सैल सदरा जाऊन लिओटार्ड स्थिरावला होता. त्यामागचे कारण खरे होते. दांडीभोवती गिरकी घेताना कंबर दांडीवर आपटते, बीमवर उलटी कोलांटी मारताना डोके खाली आणि पाय वर जातात. अशा वेळी झगा तोंडावर येतो, सैल विजार अडकते. गुडघा वाकला की सरळ राहिला, पायाचा चवडा ताणला गेला की नाही, हे पंचांना दिसणेही आवश्यक असते. पण या काळातल्या विजेत्या प्रौढ स्त्रिया होत्या. १९५६ मध्ये मेलबर्नला चार सुवर्णपदके मिळवणारी हंगेरीची आग्नेश केलेती पस्तीस वर्षांची होती आणि तिच्याइतकीच सुवर्णपदके मिळवणारी लारिसा लातिनिना एकवीस वर्षांची. लातिनिनाने तर १९५८ ची जागतिक स्पर्धा गरोदरपणात जिंकली. त्यांच्या लिओटार्डची मांडीवरची कड बेताची होती आणि कापड जाड होते.

पुढच्या वीस वर्षांत दोन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली कापडाची. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. बाजारात तो लायक्रा या नावाने गेला. ताणला की ताणतो आणि सोडला की मूळ मापावर येतो, असा हा धागा कापडात मिसळल्यावर लिओटार्ड पातळ, तकतकीत आणि अंगाचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवणारा झाला. दुसरा बदल वयाचा. १९७२ मध्ये म्युनिकला सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुटने दूरचित्रवाणीवरून जगभरच्या प्रेक्षकांना वेड लावले. १९७६ मध्ये माँट्रियलला चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने पांढऱ्या लिओटार्डमध्ये अनइव्हन बार्सवर ऑलिंपिकमधले पहिले पूर्ण १० गुण मिळवले. गुणफलकावर दोन आकडी पूर्णांकाची सोयच नव्हती, त्यामुळे तिथे १.०० असे झळकले. त्यानंतर किमान वय १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा करावे लागले. तोवर खेळाची प्रतिमा मात्र लहान मुलीच्या शरीराभोवती घट्ट झाली होती. आठ वर्षांच्या मुलीला जो कपडा खेळगड्यासारखा वाटतो, तोच पंधराव्या वर्षी तिला नकोसा होऊ शकतो. पण पोशाखाची तीच कड, तीच काटछाट कायम राहिली. उलट १९८० नंतर मांडीवरची कड वरच सरकत गेली.

लांब बाह्या आल्या, चमक आली, खडे आले. अमेरिकी संघाच्या लिओटार्डवरचे स्फटिक २००८ मध्ये दोनशेच्या आत होते, ते २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पाच हजारांच्या आसपास पोचले. एकेका पोशाखाची किंमत हजार डॉलरच्या पुढे गेली. मनगटापर्यंत हात झाकणाऱ्या बाह्या कोणालाच खटकल्या नाहीत. हात झाकले तरी पंचांना कोपराची रेषा दिसत होती. मग पाय झाकले तर गुडघ्याची रेषा का दिसू नये, हा साधा प्रश्न कित्येक वर्षे कोणी विचारला नाही.

पुरुषांचा पोशाख समोर ठेवला की हे आणखी स्पष्ट होते. पॉमेल हॉर्स, रिंग्ज, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार या प्रकारांत पुरुष जिम्नॅस्ट लांब विजार घालतात. फ्लोअर आणि व्हॉल्टवर त्यांना आखूड विजार चालते. त्यांच्या पायांची रेषा पंच विजारीतूनच पाहतात आणि दशांशापर्यंत गुण कापतात. तेव्हा उघड्या मांड्यांशिवाय परीक्षण होत नाही, हा युक्तिवाद टिकण्यासारखा नव्हता.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या गुणनियमावलीत पोशाखावर बारीक तपशिलाने लिहिलेले आहे. कापड पारदर्शक नको. पुढचा गळा छातीच्या हाडाच्या मध्याखाली जाता कामा नये. पाठीचा गळा खांद्याच्या पात्यांच्या खालच्या कडेपर्यंतच. मांडीवरची कड कमरेच्या हाडापेक्षा वर नको. रचना डौलदार हवी. नियमाविरुद्ध पोशाख असेल तर ०.३० गुणांची कपात. आतल्या कपड्याची पट्टी दिसणे हाही अनेक ठिकाणी असाच दोष धरला जाई. ०.३० म्हणजे किती, ते भारतीय वाचकांना चटकन समजेल असे एक उदाहरण आहे. रिओमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकरला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळाले आणि कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६. अंतर होते ०.१५० चे. एका पदकाने आयुष्य बदलते अशा खेळात त्या अंतराच्या दुप्पट गुण कपड्यावरून जाऊ शकत होते.

या नियमाचा जाच वहीत दिसत नाही, तो सरावाच्या हॉलमध्ये दिसतो. मुलगी धावत येते, उडी मारते, जमिनीवर उतरते, हात वर करून पंचांना अभिवादन करते. तेवढ्या वेळात कड वर सरकलेली असते आणि ती कोणाच्या लक्षात न येता बोटाने खाली ओढायची असते. सरकू नये म्हणून कमरेखाली चिकट स्प्रे मारतात, तो नंतर कातडीवरून खरवडावा लागतो. आत जाड कपडा घातला तर कड दिसते, घातला नाही तर मन धास्तावलेले असते. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या लिओटार्डमध्ये पाय फाकवून उडी घेणाऱ्या मुलीचे निम्मे चित्त खेळात नसते. दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर हे निम्मे चित्त फार महाग पडते. स्त्रियांच्या खेळातला हा त्रास खेळाडूंना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. क्लब सोडून जाणाऱ्या किशोरींच्या आयांनाही माहीत होता. पण तो सांगण्याची जागा नव्हती, कारण तक्रार करणारी मुलगी ‘मनाने कच्ची’ ठरत असे.

या गप्प राहण्याची किंमत किती भयानक असू शकते, ते सप्टेंबर २०१६ नंतर कळले. ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्रात रेचल डेनहॉलंडर यांनी अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध उघडपणे लैंगिक अत्याचाराचा आरोप केला आणि मग शेकडो स्त्रिया पुढे आल्या. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी एकेक करून आपले म्हणणे मांडले आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. या गुन्ह्याचे कारण पोशाख नव्हता, आणि तसे सुचवणे हा त्या मुलींवर दुसरा अन्याय ठरेल. पण मुलीला काय वाटते हे विचारायचेच नाही, अशी जी व्यवस्था त्यातून उघडी पडली, तिच्यात पोशाखाचा प्रश्नही दबलेला होता. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये जिम्नॅस्टिक्सबद्दलच्या स्वतंत्र चौकशांचे अहवाल आले. ब्रिटनच्या अहवालासाठी ॲन व्हाइट यांच्याकडे चारशेहून अधिक निवेदने आली होती. खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीपासून आहारापर्यंत आणि वजनापासून कपड्यांपर्यंत सगळे त्यात आले.

दबाव नेहमी एकाच दिशेने येतो असेही नाही. जून २०१५ मध्ये सिंगापूरच्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत मलेशियाच्या फरा ॲन अब्दुल हादी हिने सुवर्णासह सहा पदके मिळवली. त्यानंतर काही धार्मिक मंडळींनी तिच्या लिओटार्डवर टीका केली, मुसलमान स्त्रीने झाकायला हवे ते अंग तिने झाकले नाही असे म्हटले. मलेशियातल्या अनेक सामान्य माणसांनी तिची बाजू घेतली, क्रीडामंत्री खैरी जमालुद्दीन यांनीही घेतली. फरा आपला पोशाख घालून खेळत राहिली आणि पुढे टोकियो ऑलिंपिकलाही पात्र ठरली. तिला कोणी अंग झाकायला सांगत होते, युरोप-अमेरिकेतल्या मुलींना कोणी उघडे ठेवायला सांगत होते. दोन्हीकडे ठरवणारी व्यक्ती ती स्वतः नव्हती, आणि खरा अन्याय हाच होता.

पाय घोट्यापर्यंत झाकणारा एकसंध पोशाख, म्हणजे युनिटार्ड, गुणनियमावलीत आधीपासून मान्य होता. धार्मिक कारणाने तो क्वचित कोणी घालत असे. इतरांनी तो घातला नाही, कारण पंचांना रुचणार नाही ही भीती होती, आणि पंचांची आवड हा जिम्नॅस्टिक्समध्ये न लिहिलेला नियम असतो. ती भीती २१ एप्रिल २०२१ रोजी बाझेलला मोडली. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत जर्मनीची एकवीस वर्षांची सारा फोस घोट्यापर्यंतच्या युनिटार्डमध्ये बीमवर चढली. दोन दिवसांनी सर्वसाधारण अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत एलिझाबेथ झाइत्स आणि किम बुई यांनीही तसाच पोशाख घातला. जर्मन महासंघाने आपल्या खेळाडू जिम्नॅस्टिक्समधल्या लैंगिकीकरणाविरुद्ध उभ्या आहेत असे सांगून त्यांना जाहीर पाठिंबा दिला. लहानपणी लिओटार्डचे काही वाटले नाही, वयात आल्यावर आणि पाळी सुरू झाल्यावर मात्र अवघडलेपण वाढत गेले, असे फोसने सांगितले. लहान मुलींनी या कारणाने खेळ सोडू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तीन महिन्यांनी, २५ जुलै २०२१ रोजी, टोकियोच्या आरिआके जिम्नॅस्टिक्स सेंटरमध्ये फोस, झाइत्स, बुई आणि पाउलिने शेफर-बेट्झ या चौघी लाल-पांढऱ्या युनिटार्डमध्ये उतरल्या. खांद्यावर आणि छातीवर नेहमीचे खडे चमकत होते, केसांचे अंबाडे नेहमीचेच होते, फक्त पाय झाकलेले होते. संघ नववा आला आणि अंतिम फेरी एका जागेने हुकली. कोणाचा एकही गुण पोशाखामुळे गेला नाही. लिओटार्ड वाईट आहे असे या चौघींनी म्हटले नाही. ज्या दिवशी जे सोयीचे वाटेल ते घालू, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने त्यांना पाठिंबा दिला आणि त्याच दमात सांगितले की तिला स्वतःला लिओटार्डच आवडतो. तिची उंची साधारण १४२ सेंटिमीटर, आणि उघड्या पायांमुळे ती उंच भासते असे तिला वाटते. लांब कापड गोल कोलांटीत नडगी धरताना हाताला निसरडे लागते, अशीही काही जणींची अडचण असते. ही कारणे खेळाडूंची स्वतःची आहेत, म्हणून ती वजनदार आहेत.

त्याच जुलैत बल्गेरियातल्या वार्ना येथे नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड विजार घातली आणि त्यांना एकूण १५०० युरो दंड झाला. गायिका पिंक हिने तो भरण्याची तयारी दाखवली. वर्ष सरायच्या आत आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने नियम बदलला. बीच व्हॉलीबॉलने ती सक्ती २०१२ मध्येच सोडली होती. २०२३ पासून विम्बल्डनने स्त्रियांना पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाच्या चड्ड्यांची परवानगी दिली, तीही पाळीच्या काळजीपोटीच.

जिम्नॅस्टिक्समध्ये पुढचा बदल तळातून झाला. ब्रिटिश महासंघाने २०२३ मध्ये आणि न्यूझीलंडच्या महासंघाने एप्रिल २०२४ मध्ये आपापल्या देशांतर्गत स्पर्धांसाठी नियम सैल केले. लिओटार्डवर आखूड विजार किंवा लेगिंग्ज घालता येईल आणि आतला कपडा दिसला तरी गुण कापले जाणार नाहीत, असे ठरले. ऑलिंपिकच्या झगमगाटापेक्षा हा बदल जास्त महत्त्वाचा मानायला हवा. टोकियोच्या चौघी नामांकित होत्या, त्यांच्यामागे महासंघ उभा होता. बारा वर्षांच्या अनोळखी मुलीला पंचांसमोर आपली चड्डी निवडण्याचा हक्क मिळणे, हे काम नियमाच्या एका ओळीने झाले.

पोशाखाची चर्चा कॅमेऱ्यालाही टाळता आली नाही. टोकियोच्या आधी ऑलिंपिक प्रसारण सेवेचे प्रमुख यानिस एक्सार्खोस यांनी स्त्री-खेळाडूंच्या शरीराच्या भागांवर जवळून रोखलेली दृश्ये पूर्वीसारखी दाखवणार नाही असे जाहीर केले. जपानमध्ये जिम्नॅस्ट आणि इतर खेळाडू मुलींची चोरून, कधी कपड्याच्या आरपार जाणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने छायाचित्रे काढण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालला होता. त्याविरुद्ध जपानी ऑलिंपिक समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये इतर क्रीडासंस्थांसह निवेदन काढले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मिझुनो कंपनीने इन्फ्रारेड अडवणारे कापड तयार केले आणि जपानच्या अनेक संघांनी ते वापरले. दोष बघणाऱ्याच्या डोळ्यात असताना त्याचा बंदोबस्त खेळाडूच्या कपड्यात करावा लागणे ही दुःखाची गोष्ट आहे. तरीही तिच्या मनाची धास्ती त्यामुळे कमी होत असेल तर ते कापड हवेच.

भारतात दीपा कर्माकर आणि टोकियोला गेलेली प्रणती नायक यांच्यामुळे हा खेळ घराघरांत पोचला. ठाणे, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या हॉलमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुली आज बीमवर तोल सांभाळायला शिकतात. त्यांतल्या किती पंधराव्या वर्षी टिकतील, यात शाळा, पैसा आणि दुखापती यांचा वाटा आहेच, पण आरशासमोर वाटणाऱ्या संकोचाचाही आहे. मल्लखांब आणि योगासनांच्या स्पर्धांतल्या मुलींनाही तो ओळखीचा आहे. घोट्यापर्यंतचा पोशाख घालून ऑलिंपिकमध्येही खेळता येते आणि त्यासाठी एकही गुण जात नाही, हे प्रशिक्षकांनी मुलींना आणि त्यांच्या पालकांना क्लासच्या पहिल्याच आठवड्यात सांगावे, आणि मग मुलगी जे निवडेल ते तिला घालू द्यावे.